घर सोडल्याचा दाखला

मार्च २००१ मध्ये बाबांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मे महिन्यात आम्हा मुलांना शाळेतून दिली. निकेत चौथीत जाणार होता, मी दुसरीत. धाकटा लवू अजून शाळेत गेलाच नव्हता, त्यामुळे आपण कशातून सुटलो हे त्याला कळलं नाही. पण आम्ही नाचलो म्हणून तोही नाचला.

डोंबिवलीची जागा विकून आम्ही आचऱ्याला आलो. आईचं माहेर तिथलं. शिवामामाच्या घराशेजारी बाबांनी चिऱ्याचं नवं घर बांधलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लांबलचक पडवी. एवढी लांब पडवी कशाला, असं आईने बांधकाम चालू असताना विचारलं होतं. "हवा खेळती राहील," बाबा म्हणाले होते. खरं कारण जूनमध्ये कळलं. त्या पडवीत बाबा आम्हाला शिकवणार होते.

ही कल्पना त्यांना एका रविवारच्या पुरवणीत सापडली होती. कुठल्याशा डोंगरात राहणाऱ्या कुटुंबातली दोन मुलं शाळेत न जाता चार भाषा बोलत आणि बासरी वाजवत. ते कात्रण बाबांच्या पाकिटात असे. गावात कोणी "पोरां शाळेत जाणत नाय?" असं विचारलं की बाबा खिशातून पाकीट काढत, आणि विचारणारा घाईघाईने "रवांदे, रवांदे" म्हणत निघून जाई.

बाबा बँकेत सव्वीस वर्षं होते. कागद पुरे झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही ही त्यांची सवय. म्हणून शिकवण्याआधी अभ्यासक्रम पक्का करायला हवा होता. तो पक्का करण्यात पहिलं दीड वर्ष गेलं.

सुरुवात निसर्गापासून झाली. पुस्तक नाही, वही नाही. सकाळी दोन तास बाहेर जायचं, निरीक्षण करायचं आणि परत येऊन सांगायचं. आम्ही खाडीवर जात होतो. ओहोटीला निकेत चिखलात हात घालून तिसरे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायचा आणि मी सदऱ्याच्या ओच्यात भरायचो. घरी आल्यावर बाबा विचारायचे, "काय पाहिलंत?" आम्ही ओचा पुढे करायचो. बाबा शिंपल्यांच्या रेषांबद्दल बोलायला सुरुवात करायचे तोवर आई ते धुवायला घेऊन जायची. त्या दोन महिन्यांत आमच्या निरीक्षणाचं आठवड्यातून चार वेळा सुकं झालं. मग एका आठवड्यात ते पाचव्यांदा झालं तेव्हा बाबांनी ताटातला शिंपला हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला आणि निसर्ग बंद केला.

मग अमेरिका आली. बाबांच्या एका बँकमित्राची मुलगी तिकडे राहत होती. तिच्या शेजाऱ्यांची मुलंही घरीच शिकत. त्यांची जुनी पुस्तकं खोका भरून आली. पानं गुळगुळीत, चित्रं रंगीत. त्यातून आम्ही शिकलो की पानगळीत आजोबांना पानं गोळा करायला मदत करावी, डाइम नावाचं नाणं निकेलपेक्षा आकाराने लहान असलं तरी किमतीने मोठं असतं, आणि बर्फात बाहेर पडताना हातमोजे विसरू नयेत. लवूने बर्फ कधी पाहिला नव्हता. त्याने मामाला विचारलं.

"बर्फ बघूचो आसा? मगे बंदरार चल," मामा म्हणाला.

मामाची होडी होती, आणि बांगडा भरायला बर्फ लागायचा. लवूने दिवसभर बर्फ पाहिला. रात्री अंगाला मासळीचा वास घेऊन आला आणि 'हिवाळा' या विषयावर त्याने पाच ओळी लिहिल्या: हिवाळ्यात बर्फ पेटीत असतो. त्याच्यावर बांगडे असतात. त्याच्यावर परत बर्फ असतो. बर्फ शिवामामाचा असतो. हातमोजे कोणी घालत नाही. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि खोका माळ्यावर गेला.

त्यानंतर गुरुकुल. पहाटे पाचला उठायचं, संस्कृत पाठ करायचं, आणि गुरुसेवा म्हणून विहिरीचं पाणी भरायचं, अंगण झाडायचं, माडांना पाणी घालायचं. आजवर आईने एकाही अभ्यासक्रमाबद्दल मत दिलं नव्हतं. या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ह्यो बरो आसा," ती म्हणाली. "ह्योच ठेवा."

पण बाबांचं पोट बिघडलं आणि पहाटे उठणं त्यांनाच जमेना. गुरू झोपलेला असताना सेवा करायची की नाही, हा प्रश्न निकेतने काढला. शास्त्रात उत्तर सापडलं नाही, आणि गुरुकुलही संपलं. पाणी भरणं मात्र आईने चालू ठेवलं.

प्रत्येक नव्या अभ्यासक्रमाच्या वेळी बाबा मालवणला जाऊन तक्त्याचे मोठे कागद आणत. चार रंगांत वेळापत्रक काढत. त्यात त्यांचे तीन-चार दिवस जात, आणि ते दिवस आमच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस असत. आम्ही पोहत होतो, मामाबरोबर जाळी निवडत होतो, शेजारच्या बाबलीकाकांच्या बैलाला आंघोळ घालत होतो. शिकणं हे या सगळ्यात व्यत्यय म्हणून येई आणि फार काळ टिकत नसे. शाळेत न जाणं इतकं सुखाचं असेल तर सगळं जग शाळेत का जातं, असं मला त्या काळात खरोखर वाटायचं.

सगळं बदललं ते बाबलीकाकांमुळे. ते भातशेती करणारे. डिसेंबर २००२ मध्ये एका सकाळी ते आपल्या मुलीला, रूपालीला, घेऊन आले. ती गावच्या शाळेत चौथीत होती.

"चेडवाचा गणित कच्चा आसा," ते म्हणाले. "तुमचे झिल घराकच असतत. तेंच्या वांगडा हिका बसवा. शाळा साडेधाक भरता, तवसर."

शाळा भरेपर्यंत मुलीला गणित शिकवायचं, हे ऐकून बाबा खूश झाले. अभ्यासक्रम नसताना शिकवावं लागेल याचा विचार करायला त्यांना वेळच मिळाला नाही. रूपाली पाटी घेऊन बसली, तिने त्रैराशिकाचं गणित पुढे केलं आणि बाबांनी ते सोडवून दाखवलं. बँकेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला त्रैराशिक म्हणजे हातचा मळ. त्यांनी इतकं छान शिकवलं की आम्ही तिघे चकित होऊन ऐकत राहिलो. आठवड्याने रूपालीची मैत्रीण आली, मग मैत्रिणीचा भाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पडवीत सकाळी सात ते दहा या वेळात अकरा मुलं बसू लागली. आम्ही धरून चौदा.

चौदा मुलं म्हटल्यावर गोंधळ होतो. म्हणून बाबांनी हजेरीपट आणला. मुलं वेळेवर येत नाहीत म्हणून घंटा आली. घंटा झाल्यावरही बोलत राहतात म्हणून प्रार्थना आली, आणि प्रार्थनेला वेडेवाकडे उभे राहतात म्हणून उंचीप्रमाणे रांग. बाकीची मुलं इथूनच पुढे शाळेत जायची म्हणून गणवेश घालून येत. त्यांच्यात आम्ही तिघे फाटक्या चड्ड्यांमध्ये वेगळे दिसत होतो. बाबांनी आम्हाला पांढरे सदरे आणि खाकी चड्ड्या शिवून आणल्या.

"बाबा, ही शाळा नाही ना?" निकेतने विचारलं.

"नाही. ही शिस्त आहे," बाबा म्हणाले. "आणि सात ते दहा मला बाबा म्हणायचं नाही. सर म्हणायचं. बाकीच्यांना परकं वाटायला नको."

त्यानंतर तहान लागली तर करंगळी वर करून घरात जायची परवानगी घ्यावी लागे. एकदा लवूला ताप आला. तो पडवीपासून बारा पावलांवर खाटेवर निजला होता आणि मधूनमधून खोकत होता. बाबांनी त्याचं नाव पुकारलं, खोकला ऐकू आला, तरी गैरहजेरी लावली. संध्याकाळी त्यांनी आईकडे चिठ्ठी मागितली. आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहून दिलं, 'माझा मुलगा आजारी असल्यामुळे येऊ शकला नाही', आणि खाली पूर्ण नावाने सही केली. बाबांनी ती हजेरीपटात जपून ठेवली.

सहामाहीनंतर पालकसभा झाली. एकेका मुलाचे आईवडील येऊन बाबांसमोर बसत. शेवटी आमची पाळी होती. आई हात पुसत बाहेर आली आणि बाकावर बसली. मी खांबाला टेकून उभा होतो.

"मंदार चौदात नववा आला," बाबा माझं प्रगतीपुस्तक उघडून म्हणाले. "बुद्धी आहे, पण अक्षर फार वाईट. तुम्ही घरी थोडं लक्ष द्यायला हवं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "घराक?"

"हो. घरी."

"म्हणजे खंय?" आईने विचारलं.

बाबांनी बाकीची दोन प्रगतीपुस्तकं पुढे सरकवली. आईने तिन्ही प्रगतीपुस्तकांवर सह्या केल्या आणि ती चुलीवरचं बघायला आत गेली. तिला हसू आलं होतं की राग, मला कळलं नाही. तिची पाठ माझ्याकडे होती.

आम्हाला मात्र आता खरोखर वाईट वाटू लागलं होतं, आणि त्याचं कारण अभ्यास नव्हता. दहा वाजता घंटा झाली की बाकीची मुलं दप्तरं उचलून शाळेच्या वाटेला लागायची. रूपाली पुढे, बाकीचे मागे, ढकलाढकली करत. वळणापर्यंत त्यांचा आवाज यायचा. मग पडवीत आम्ही तिघे आणि सर उरायचो. दहानंतर सरांना पुन्हा बाबा म्हणायचं असं ठरलं होतं, पण ते बहुतेक वेळा विसरत.

२००४ चा जुलै आला तेव्हा निकेत बारा वर्षांचा झाला होता. त्याने आईला सांगितलं, आम्हाला शाळेत जायचंय. आई म्हणाली, बाबांक विचार. निकेत तोंडी विचारणार नव्हता. त्याच आठवड्यात बाबांनी अर्जलेखन शिकवलं होतं. त्याने रेघांच्या कागदावर व्यवस्थित अर्ज लिहिला. 'विषय: शाळेत जाण्याची परवानगी मिळणेबाबत.' खाली आम्हा तिघांची नावं. सकाळी हजेरी झाल्यावर तो बाबांच्या टेबलावर ठेवला.

बाबांनी लाल पेन काढलं. 'मिळणेबाबत' बरोबर होतं, 'विनंती' चुकलं होतं. दिनांक डाव्या बाजूला हवा होता. त्यांनी दहापैकी आठ गुण दिले, खाली 'मांडणी चांगली' असा शेरा मारला, आणि मग हात थांबला. त्या दिवशी साडेनऊलाच घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी निकेतने चुका दुरुस्त करून अर्ज पुन्हा दिला.

त्या रविवारी शाळेचे मुख्याध्यापक घाडी गुरुजी आमच्याकडे आले. आईने बोलावलं होतं हे मला खूप नंतर कळलं. गुरुजी गावचेच, निवृत्तीला आलेले, पांढरी टोपी घालणारे. चहा झाला. बाबांनी अभ्यासक्रमांची फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. निसर्ग, अमेरिका, गुरुकुल आणि पुढचे आणखी चार. गुरुजींनी पानं आदराने उलटली.

"तुमच्या शाळेत कुठली पद्धत आहे?" बाबांनी विचारलं.

"पुस्तक येतं," गुरुजी म्हणाले. "पहिल्या पानापासून शिकवायला घेतो. शेवटच्या पानावर आलो की मार्च येतो."

"आणि निवड?"

"निवड करूक वेळ खंय गावता?" गुरुजी आता घरच्यासारखे बोलू लागले. "चार वर्ग एका खोलीत बसतत."

बाबांनी फाइल हळूच मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार असेल असं मला वाटलं होतं. पण डोंबिवलीत सकाळी पाण्याची बादली आपोआप भरलेली दिसली की त्यांचा चेहरा जसा सैल व्हायचा, तसा तो दिसत होता.

गुरुजींना मुलं हवीच होती. पट कमी होत चालला होता, आणि तीन मुलं म्हणजे त्यांना मोठी गोष्ट. फक्त मधल्या तीन वर्षांचा काहीतरी कागद लागेल, असं ते म्हणाले. एवढा काळ पोरं कुठे शिकत होती, कशी होती. "शाळेचो दाखलो आसता, तसो कायतरी लिवन द्या."

बाबा दोन दिवस दाखले लिहीत होते. कोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखले. जन्मतारीख अंकी व अक्षरी. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. लवूच्या वर्तणुकीपुढे त्यांनी आधी 'साधारण' लिहिलं होतं, ते खोडून पूर्ण कागद नव्याने केला. सगळं भरून झालं आणि एक रकाना उरला: सोडण्याचे कारण. त्यांनी आम्हाला एकेकाला बोलावलं.

निकेत म्हणाला, "मी अर्ज दिलाय." बाबांनी लिहिलं, 'विद्यार्थ्याच्या विनंतीवरून.' लवू म्हणाला, "हे दोघे जातत म्हणान." बाबांनी लिहिलं, 'मोठे बंधू गेल्यामुळे.'

मग मी. मला काही ठरवून बोलता येत नव्हतं, आणि बाबांसमोर मी आणि निकेत शुद्ध बोलत असू, तेही त्या वेळी सुचलं नाही.

"थंय घंटा झाली की घराक येवक गावता," मी म्हणालो.

बाबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. नंतर माझ्या दाखल्यावर त्यांनी सावकाश लिहिलं, 'घरी येता यावे म्हणून.' आणि खाली सही केली.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी आम्ही शाळेत गेलो. गुरुजींनी आमची परीक्षा घेतली. निकेतला संस्कृत धातू येत होते आणि अमेरिकन नाणी येत होती, सतराचा पाढा येत नव्हता. तरी त्याला सातवीत बसवलं. मी पाचवीत, लवू तिसरीत. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "तुमी शाळेत नाय होत्यात ता खरा? मगे मरूक हय कित्याक इलास?"

पाचला घंटा झाली. आम्ही पळत निघालो. पडवीत बाबा एकटे बसले होते, समोर टेबल नव्हतं, घंटाही दिसली नाही. आई घावणे घालत होती, वास बाहेरपर्यंत येत होता.

"काय शिकवलं?" बाबांनी विचारलं.

"काय नाय," लवू दप्तर टाकत म्हणाला. "खिचडी होती."

बाबांनी दप्तर उचलून बाजूला ठेवलं.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

लवू त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. खिचडीत वाटाणे किती होते, त्याच्या वाट्याला किती आले, गुरुजींनी कोणाला दोनदा वाढली, हे तो सविस्तर सांगू लागला. बाबा ऐकत होते. आईने दोनदा हाक मारली, तरी दोघे उठले नाहीत.