सालुसदेवीचं तहानलेलं नाणं

सेरापियोबाबाच्या दारापासून कारंज्यापर्यंत रांग लागली होती. रोममध्ये साथ शिरल्यापासून घरंच्या घरं रिकामी होत होती, आणि माझ्यासारख्या वैद्याच्या औषधाला गुण येईनासा झाला होता. बाबाकडे मात्र चमत्कार होता. सम्राटाचं नवंकोरं चांदीचं नाणं रोग्याच्या कपाळाला लावून आणायचं. त्यावर आरोग्यदेवी सालुस नागाला भरवताना कोरलेली. बाबा मंत्र पुटपुटत ते राखेनं आणि उकळत्या आंबट सिरक्यानं घासायचा आणि पांढरं नाणं तांबडं व्हायचं.

‘‘ताप देवीनं ओढला,’’ तो सांगायचा. ‘‘पण नाग तहानलाय. ताप उतरेपर्यंत रोग्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही.’’

माझ्या खालच्या मजल्यावरच्या विबियाचा थोरला मुलगा टिटस असाच गेला. आता धाकटी मुलगी गाला कोरडे ओठ चाटत पडली होती. मी पाणी घेऊन गेलो, तर विबिया आडवी आली.

‘‘वैद्यबुवा, तुमच्या औषधानं कोण वाचलं, सांगा.’’

मी तिच्यादेखत एक नवं नाणं जिन्याच्या भिंतीला टेकवलं आणि तिला घेऊन बाबाकडे गेलो. त्यानं घासलं. तांबडं झालं.

‘‘ताप जहरी आहे,’’ बाबा म्हणाला.

‘‘भिंतीला ताप आलाय?’’

‘‘भिंतीतही साथ शिरते.’’ रांगेतल्यांनी माना डोलावल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा विबियानं गळ्यातली थैली सोडली. आत आजोबांच्या काळचं नाणं होतं; गाला गेलीच तर मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याच्या भाड्यासाठी तिच्या तोंडात ठेवायला जपलेलं. आदल्या रात्रभर तिनं ते गालाच्या कपाळावर ठेवलं होतं. देवी तीच, नागही तोच. जुन्यातली देवी झोपलेली असते, असं म्हणत बाबानं हात मागे घेतला. विबियानं स्वतःच बोटं भाजेपर्यंत ते घासलं. नाणं पांढरंच राहिलं.

जुनं नाणं आतपर्यंत चांदीचं. नवं तांब्याचं, वर चांदीचा पातळ मुलामा. घासला की निघतो. बाजारात नवी नाणी नाकारून दुकानदारांशी भांडणारे आम्हीच, इथे त्याच नाण्यांना हात जोडून उभे होतो.

विबिया ओरडली नाही. ‘‘टिटस पाणी मागत होता,’’ एवढंच म्हणाली. ‘‘मी त्याचे हात बांधले होते.’’

घरी परतल्यावर गाला घटाघट पाणी प्यायली. ती जगेल का, ठाऊक नाही. रांगेतले काहीजण अजून उभे आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: देवीला खुशाल नमस्कार करा, पण पोर पाणी मागत असेल तर आधी पाणी द्या.