टाकीतला दरबार

नानांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं आणि तेही चोख केलं: माणसांना जागेवर बसवणं. ग्वाल्हेरच्या दरबारात कोणता सरदार गादीच्या उजवीकडे, कोणता डावीकडे, कोण कोणाच्या किती हात मागे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एका दसऱ्याला एका मानकऱ्याची बैठक चुकून एक जागा खाली गेली, तर तो दोन वर्षं नानांशी बोलला नव्हता. नाना हे मोठ्या अभिमानाने सांगत.

मग संस्थान विलीन झालं. गालिचे गुंडाळले गेले आणि नाना घरी बसले. हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी दौलतगंजातल्या लोहाराकडून लोखंडी चौकटीची काचेची टाकी करून घेतली, तळाशी वाळू पसरली, पाण्यातली झाडं लावली, गप्पी मासे सोडले. आणि सवय कुठे जाते? टाकीत दरबार भरवला! मधोमध किला गेटहून आणलेला वीतभर उंच दगड, म्हणजे गादी. दोन्ही बाजूंना रुंद पानांची झाडं, मानाप्रमाणे उतरत्या रांगेत. बारीक पाणगवत ही हलकी असामी, ते पार मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत. ते दर महिन्याला सडे, नाना नवं आणून पुन्हा तिथंच लावत. मासे तर दिवसभर दगडामागे दडून असत. दोष अर्थात गवताचा आणि माशांचा.

आठ वर्षं असंच चाललं. छप्पन्नच्या ऑक्टोबरात त्यांची मुलगी पद्मा कचेरीतून कागद घेऊन आली. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. कचेरी तिकडे चालली होती, आणि कचेरीबरोबर पद्माची नोकरीही.

"क्वार्टर मिळतंय, नाना. दोन खोल्यांचं. चला ना माझ्याबरोबर."

"मी कशाला? माझी जागा इथं आहे."

"आईला जाऊन चार वर्षं झाली. तुम्हाला एकटं टाकून मी जाऊ? मुमकिनच नाही. तुम्ही नसाल येत, तर राजीनामा देते. सोमवारी साहेबांना सांगायचंय."

खोटं कशाला सांगायचं, मुलगी राहणार म्हणून नानांना आतून बरंच वाटलं. मग लाजही वाटली, कारण ही नोकरी पद्माने किती हौसेनं धरली होती ते त्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी टाकी धुवायची वेळ आली. पद्मा रात्रीपासून धुमसत होती. तिने पदर खोचला.

"आज टाकी मी लावणार. तुम्ही फक्त बघा."

मासे बादलीत गेले, रबरी नळीने पाणी उतरलं, एकेक सरदार मुळासकट बाहेर आला. मग तिने दगडाला हात घातला.

"पद्मा, ती गादी आहे!"

"पत्थर आहे, नाना."

तिने दगड डावीकडे नेला, जरा तिरका करून वाळूत रुतवला. उंच झाडं त्याच्या मागे, रांगेत नव्हे, झुपक्यांनी लावली. आणि पाणगवत आणलं अगदी पुढे, खिडकीचं ऊन पडतं तिथं.

नानांना राहवेना. "आणि मधे कोण?"

"कोणीच नाही. मधे मासे."

नाना चपला घालून तडक फूलबागेत निघून गेले. जेवायला आले तेव्हाही त्यांनी टाकीकडे पाठ करूनच जेवण उरकलं. पद्माही समजूत काढायला गेली नाही. दुपारभर ती राजीनामा लिहीत बसली.

सोमवारी सकाळी मात्र नजर गेलीच. मोकळ्या वाळूवर उजेड पडला होता आणि आठ वर्षं दगडामागे लपलेले मासे बरोबर मधोमध हिंडत होते. नाना खुर्ची ओढून समोर बसले. त्यांना दसऱ्याचा दरबार आठवला: अत्तराचा वास, जरीचे फेटे, विडे, आणि सगळ्यांना बसवून झाल्यावर खांबाला टेकून उभे असलेले ते स्वतः. तीस वर्षं उभे. त्या दरबारात नानांना बसायला जागा नव्हतीच. दुखऱ्या पायांनी घरी यावं, तर बायको, राजलक्ष्मी, पाट मांडून म्हणायची, "आता तुम्ही बसा." ती गेल्यापासून हे शब्द त्यांना कोणी म्हटले नव्हते. तिची इतकी आठवण आली की त्यांना समोरचे मासे दिसेनासे झाले.

पद्मा पर्समध्ये राजीनाम्याचा कागद घालून निघाली होती.

"पद्मा, त्या क्वार्टरला पूर्वेला खिडकी आहे का गं?"

"आहे बहुतेक. का?"

"पाणगवताला सकाळचं ऊन लागतं. टाकी तिथंच ठेवावी लागेल. लोहाराकडून एक झाकणाचा डबाही करून घेतो, मासे न्यायला."

पद्मा उंबऱ्यातून परत आली. पर्स खुंटीला अडकवून तिने भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि चुलीजवळ मांडला.

"उशीर होईल तुला," नाना म्हणाले.

"होऊ दे. आता तुम्ही बसा, नाना. चहा टाकते."