तुकडा अपुरा आहे

मंडळी, एक रोग असा आहे की त्याची तपासणी कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही, कारण तो प्रयोगशाळेतच सुखाने नांदतो. 'मला सांगता येत नाही' एवढं वाक्य तोंडातून न निघण्याचा हा रोग. आपल्या गोष्टीतल्या सरांना तो जडून वीस वर्षं झाली होती, आणि सरांना वाटे, हा आपला रुबाब आहे!

सर म्हणजे त्वचेच्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान लिहिणारे डॉक्टर. प्रत्येक तुकड्यासोबत एक अर्ज येई, त्यावर रुग्णाची तक्रार लिहिलेली असे. सर तो टेबलावर पालथा घालत. आधी काच बघायची, निदान लिहायचं, मग अर्ज. बहुतेकदा तो उलटायचाच राहून जाई. "कागद वाचून कुणीही सांगेल. काच वाचायला अक्कल लागते," असं ते शिकाऊ डॉक्टरांना ऐकवत. पोरं माना डोलवत. न डोलवून जातात कुठे?

दोन वर्षांपूर्वी बालवाडीच्या एका बाईंच्या वरच्या ओठाचा तुकडा आला. तांदळाच्या दाण्याएवढा. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याचे काप काढून काचेवर चढवणारी तंत्रज्ञ, जिला लहानथोर सगळे ताईच म्हणत, ती काच घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"सर, हा नुसता वरवर खरवडलाय. खालचं काहीच आलं नाहीये. दुसरा मागवू या का?"

"ताई, तुम्ही कापायचं, आम्ही बघायचं."

ताई काच ठेवून निघून गेली. सरांनी पाहिलं. केस घडवायला निघालेल्या आणि अर्ध्यावर फसलेल्या पेशींच्या बारीक रांगा, मधे चिमुकल्या पिशव्या. अशा गाठी दुर्मीळ. त्यातली एक अगदी निरुपद्रवी, जागची न हलणारी. दुसरी दिसायला तिची जुळी बहीण, पण ती कर्करोग. खाली खाली उतरते आणि मज्जातंतूंना विळखा घालते. वरच्या थरात दोघींचे चेहरे सारखेच असतात, फरक कळतो तो तळाशी, आणि तळ तर तुकड्यात आलेलाच नव्हता. सरांनी लिहिलं, "केसाच्या मुळाची निरुपद्रवी गाठ. उपचारांची गरज नाही." खाली झोकात सही ठोकली.

मग एका सकाळी त्याच बाई सरांच्या खोलीत येऊन बसल्या. तोंडावरचा रुमाल त्यांनी स्वतःच खाली केला. वरचा अर्धा ओठ नव्हता. कर्करोग कापून काढल्यावर त्या जागी मांडीची कातडी शिवली होती. प, ब, म म्हणताना नुसती हवा निघत होती.

"सर, मी भांडायला आले नाही. तुमच्या कागदावर विसंबून दोन वर्षं गप्प राहिले. गाठ वाढली तरी घरचे म्हणायचे, अगं, मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय ना! आता एकच विचारायचंय. ओठ बधिर होतो, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत अर्जावर लिहिलं. तुम्ही ते वाचलं होतं का?"

सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बाहेर बसा जरा. जुनी नोंद काढायला सांगतो."

ताईने अर्ज काढून आणला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन महिने ओठ बधिर.'

"त्यांना सांगतो," सर घाईने म्हणाले, "आजार दुर्मीळ असतो, दोन्ही गाठी सारख्या दिसतात, भल्याभल्यांची फसगत होते. यात खोटं काय आहे?"

"एक शब्दही खोटा नाही. तेच तर वाईट आहे!" ताईचा आवाज चढला. "बधिर झालं म्हणजे मज्जातंतूला धक्का लागलाय का ते बघा, हे तुम्हीच शिकवता ना? मग हा कागद पालथा का पडला होता? आणि मी तरी काय केलं? एकदा बोलले नि तोंड मिटून घेतलं. साहेबांचा पारा चढेल ना! आपण दोघांनी आपापली अब्रू सांभाळली, सर. ओठ त्या बाईचा गेला."

सर खुर्चीतच खचले. वीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. आणि अरेरे, कुणीतरी आधीच बोलायला हवं होतं! ते उठून बाहेर गेले.

"नाही वाचलं," ते बाईंना म्हणाले. "तुकडाही अपुरा होता. मला कळलेलं नव्हतं आणि मी कळल्यासारखं लिहिलं. चूक माझी आहे. तसं लेखी देतो."

बाईंनी रुमाल वर ओढला. मग म्हणाल्या, "पोरं विचारतात, बाई, तुमच्या तोंडाला काय झालं? मी सांगते, बाऊ झाला होता. माफ केलं असं समजू नका. लेखी द्या."

त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि मागे न बघता गेल्या.

त्या दिवशी सरांनी सगळे अर्ज सुलटे ठेवले. दुपारी पुन्हा एक वरवरचा तुकडा आला, गालावरचा. सरांनी लिहिलं, "तुकडा अपुरा आहे. यावरून निदान सांगता येत नाही. खोलवरचा पाठवावा." तासाभरात तुकडा पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

"काय सर, तुम्हालासुद्धा सांगता येत नाही? मग दुसरीकडे पाठवतो."

"पाठवा. तिथेही तुकडा एवढाच राहील."

मग ताई आणि सर जुन्या नोंदी काढून बसले. महिनाभरात अपुऱ्या तुकड्यावर निदान मिळालेले सात जण निघाले, त्यांना फोन करून परत बोलावलं. काहींनी आभार मानले, काहींनी शिव्या घातल्या. सरांनी दोन्ही ऐकून घेतलं.

मंडळी, सर सुधारले म्हणून टाळ्या वाजवू नका. ते सुधारले एका बाईचा अर्धा ओठ गेल्यावर. ज्याच्या सहीवर कुणाचा जीव अवलंबून असतो, त्या प्रत्येकाने 'सांगता येत नाही' म्हणायला शिकलंच पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्याने साहेबांचा पारा चढला तरी दुसऱ्यांदा बोललं पाहिजे. आणि कागद हातात घेणाऱ्या तुम्हा-आम्हा सगळ्यांनी मोठी सही बघून गप्प न बसता विचारलं पाहिजे, "नक्की का?" आपली अब्रू राखायला दुसऱ्याचं तोंड बळी द्यावं लागत असेल, तर जळो ती अब्रू!