ओला कापूस

कौसल्याला हलता येत नव्हतं. खुर्चीची बैठक मधोमध कापलेली होती, खाली भांडं ठेवलेलं. एक बारीक नळी लघवीच्या पिशवीत, दुसरी मागून आत, आणि दोन्हींच्या तारा समोरच्या पडद्याला जोडलेल्या.

यवतमाळच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आधीच समजावून सांगितलं होतं. खोकल्या-शिंकल्यावर लघवी गळते ती खालचा आधार सैल झाल्यामुळे. पट्टी बसवायचं ऑपरेशन तिच्यासाठी. अचानक घाई होऊन गळते ती पिशवी आपोआप आवळल्यामुळे. तिला पट्टीचा उपयोग नाही, उलट त्रास वाढूही शकतो. काही बायकांना दोन्ही असतं, म्हणून ही तपासणी. तुमचं कोणतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा कौसल्याने फक्त खोकल्याचं सांगितलं. घाईचं सांगितलं की गोळ्या देऊन घरी पाठवतात, हे तिने बाहेरच्या रांगेत ऐकलं होतं.

तिला ऑपरेशन हवं होतं, तेही वेचणी सुरू व्हायच्या आत.

मागच्या हंगामात राळेगावकडच्या एका शेतात कापूस वेचताना तिला घाई झाली होती. चारी बाजूंना माणसं, आडोसा नाही. कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस खालून भिजला. संध्याकाळी वजन करताना लालीबाईचा हात त्या कापसाला लागला. लालीबाई शेजारच्या तांड्यावरची, वेचणाऱ्या बायांची टोळी तीच चालवायची. मजुरी किलोवर असल्याने वजन वाढवायला कोणी कापसावर पाणी मारते, हे तिला माहीत होतं. पाणी मारलं का, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. कौसल्या हो म्हणाली. त्यानंतर तिला टोळीत कोणी बोलावलं नाही.

तीच लालीबाई आज बाहेर बाकावर बसली होती. दवाखान्याने सोबत बाई आणायला सांगितलं होतं आणि कौसल्याच्या घरात लहान पोरीशिवाय दुसरी बाई नव्हती; विचारल्यावर लालीबाईच यायला तयार झाली. लालीबाईला वाटत होतं, तपासणी गर्भपिशवीची आहे.

नळीतून पाणी आत जाऊ लागलं. घाई वाटली की लगेच सांगा, डॉक्टरबाई म्हणाल्या. ती लवकरच वाटली. कौसल्याने पायाची बोटं आवळली आणि नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी खोकायला सांगितलं. ती जोर लावून खोकली. एखादा थेंब पडला असेल. डॉक्टरबाईंनी नर्सला कोपऱ्यातला नळ सोडायला सांगितलं.

पाण्याचा आवाज आला आणि पडद्यावरची रेषा चढत गेली. कौसल्याने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. खालच्या भांड्यात धार वाजली, थांबेना.

"कौसल्याबाई, आता तुम्ही खोकला नव्हतात," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

"ऑपरेशन करून टाका ना, बाई."

त्या रागावल्या नाहीत. खोकल्याचं थोडं आहे, पण मुख्य त्रास दुसरा आहे. आधी गोळ्या आणि व्यायाम, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. तोवर वेचणी उरकणार होती.

जीपच्या थांब्यावर लालीबाई स्वतःहूनच बोलली. यंदा बाया कमी पडून राहिल्या, कौसल्याला परत घ्यायला ती तयार होती. फक्त सगळ्यांसमोर पोरीची शपथ घ्यायची, की कापूस ओला होणार नाही.

तेवढ्यात कौसल्याला घाई झाली.

"लालीबाई, पदर धर."

उभ्या जीपच्या मागे लालीबाईने पदर पसरून आडोसा केला. पण कौसल्या खाली बसेपर्यंत लुगडं भिजलं होतं. लालीबाईने ते पाहिलं.

"तवाबी असंच झालतं?"

"हो."

"तो कापूस आमी साऱ्यायनं हातानं उपसला, कौसल्या. लेकरं लोळली त्या ढिगावर." तिने इकडेतिकडे पाहिलं. पदर मात्र खाली येऊ दिला नाही. "कोणाले सांगू नोको. पाणी मारलं, हेच राहू दे."

"मंग मले टोळीत घेशीन?"

"शपथ घे," लालीबाई म्हणाली. "साऱ्यायच्या समोर."

कौसल्या अजून खाली बसूनच होती.