मागचं डावं चाक

विंचूर मागं पडलं आणि दिवा लागला. तोच तो पिवळा, मधोमध उद्गारचिन्ह असलेला, चाकात हवा कमी असल्याची वर्दी देणारा. योगेशनं स्टिअरिंगवर अशी थाप मारली की हॉर्न वाजला आणि पुढं चाललेला दूधवाला दचकून रस्त्याच्या खाली उतरला.

"परत! परत तेच! मी सांगतो आई, हे त्यांचंच काम आहे."

त्याची आई, धोंडाबाई, मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. 'त्यांचं' म्हणजे कोणाचं, हे तिला विचारायची गरज नव्हती. ज्यांच्या घरून ती आत्ताच निघाली होती त्यांचंच, म्हणजे धाकटा मुलगा दीपक आणि त्याची बायको प्रतिभा यांचं.

या घरात नुसती जमिनीची वाटणी झाली नव्हती, आईचीही झाली होती. एक महिना थोरल्याकडं नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये. एक महिना धाकट्याकडं, येवल्याजवळच्या मळ्यात. ने-आण योगेशनं करायची, कारण गाडी त्याची. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायची वेळ आलीच तर आईला मध्ये घ्यायचे. "आई, त्याला म्हणावं कांदे भिजायला लागलेत," असं म्हणायचं, आणि 'तो' तिथंच, हाकेच्याही अलीकडं उभा!

आणि हे वैर कशावरून, तर एका कावळ्यावरून. हसू नका. त्यांचा बाप, पुंजा, गेला तेव्हा दहावा नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर केला. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. योगेश थोरला, तो हात जोडून पुढं झाला. "अण्णा, तुमच्या नावानं मळ्यात मंदिर बांधतो. अण्णा, भावाला अंतर देणार नाही. अण्णा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. भिंतीवर बसून नुसती मान वाकडी करून बघत राहिले. मग दीपक पुढं सरकला आणि कसाबसा म्हणाला, "अण्णा, मी आहे आईजवळ." झालं! एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच मारून उडाला. जमलेले सगळे भाऊबंद एका तोंडानं म्हणाले, पुंजाचा जीव धाकट्यात होता. तेव्हापासून योगेश जळत होता. कावळ्याला भूक लागली होती आणि नेमका तेव्हा हा बोलला, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा, विचारलेलं नसलं तरी.

म्हणून त्याला आता एकच गोष्ट हवी होती. आई कायमची नाशिकला यावी, आणि ती भाऊबंदांसमोर "मी योगेशकडंच राहते" असं आपल्या तोंडानं म्हणून यावी. मग बघू म्हणावं कावळा काय म्हणतो ते.

त्यासाठी पुरावे गोळा करणं चालू होतं. आई आली की पहिल्याच संध्याकाळी तो तिला वजनकाट्यावर उभी करायचा आणि आकड्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. 'आई तिकडून आली. पुन्हा वजन उतरलं आहे. काळजी वाटते.' त्याची बायको हर्षाली एकदा म्हणाली, "अहो, मागच्या वेळी नऊवारी होती अंगावर, आज साधं पातळ आहे. तेवढा फरक पडणारच." यावर, "तुला काय कळतंय त्यातलं, तू मध्ये पडू नकोस," असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं. मग जेवताना चौकशी सुरू. तिकडं भाजी कुठली असायची? दूध द्यायची का प्रतिभा? टाकून बोलली का काही? म्हातारी "खा आता गपचूप," एवढंच म्हणायची.

तर तो दिवा. पहिल्यांदा लागला तो थेट दीपकच्या दारात, हिवाळ्यात, आईला घ्यायला गेला होता तेव्हा. योगेशनं गाडी बंद केली आणि अंगणात उभं राहून आईला मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं, "हा दिवा लागला ना आई, की गाडी हलवायची नाही. हायवेला जीवाशी खेळ होतो." येवल्याहून पंक्चरवाला यायला संध्याकाळ झाली. पंक्चर काही निघालं नाही. थंडीनं हवा आकसते, बाकी काही नाही, असं म्हणून तो हवा भरून गेला. त्या दिवसाचं निघणं मात्र दुसऱ्या दिवसावर गेलं.

पण नंतर थंडी सरली तरी दिवा सरेना. योगेशनं वाटेतल्या पंपावर हवा भरायची आणि नाशिक गाठायचं. चाक पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. शोरूममध्ये नेलं, त्यांनी सेन्सर बदलला आणि वर सर्व्हिसिंग वेळेवर करा म्हणून उपदेशही केला. तरी पुढच्या खेपेला दिवा लागलाच. वॉल्व्हमधली पिन बदलली, तरी लागला. दरवेळी मागचं डावं चाक! शेवटी द्वारका चौकाजवळच्या टायरवाल्यानं मागचं डावं चाक काढून पुढं लावलं आणि पुढचं मागं. "आता पुढचं उतरलं साहेब, तर समजा चाकातच लोच्या आहे." आणि आज विंचूरला हवा गेली ती मागच्याच चाकाची. चाक दुसरं, जागा तीच.

योगेश अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला होता. दोष शोधणं हेच त्याचं रोजचं काम, त्यामुळं त्यानं गणित अगदी रीतसर मांडलं. नाशिकच्या पार्किंगमध्ये हवा उतरत नाही. आईला मळ्यात सोडून एकटा परत येतो तेव्हा उतरत नाही. आईला घेऊन निघतो तेव्हाच उतरते. म्हणजे आपण आईला नेतो हे तिथं कोणालातरी खुपतंय. इतकं सगळं बरोबर मांडलं बघा त्यानं, आणि उत्तराच्या जागी भावजयीचं नाव लिहून मोकळा झाला.

"प्रतिभाच," त्या रात्री घरी तो हर्षालीला म्हणाला. "दीपकमध्ये एवढं डोकं नाही."

"काहीतरीच काय हो! त्या बिचाऱ्या कशाला चाकाच्या नादी लागतील?"

"बिचारी? तू बघच. पुढच्या वेळी रंगेहाथ पकडतो आणि सगळ्यांसमोर आईला घेऊन येतो. कायमची. परत त्या दारात पाठवणार नाही."

पुढच्या खेपेला तो निघाला तो हवा मापायचं मीटर खिशात घालूनच. मळ्यात गाडी लावली आणि आधी चारही चाकं मापली. सगळीकडं हवा सारखी. मग ओटीवर येऊन बसला. प्रतिभानं पाणी दिलं, चहा दिला. तो कपाकडं बघत भिंतीला म्हणाला, "आईची तयारी झाली असेल तर निघू."

धोंडाबाईची तयारी कधीच झालेली असायची. हा चहा पीत असतानाच ती पिशवी घेऊन बाहेर जायची आणि गाडीपाशी थांबायची. योगेशला त्याचं फार बरं वाटायचं. बघा, इथून निघायची किती घाई आहे आईला, असं त्यानं ग्रुपवरसुद्धा लिहिलं होतं. आजही ती उठून गेली. तिच्यामागं प्रतिभा गायीला चारा टाकायला म्हणून बाहेर पडली आणि योगेशचे कान टवकारले. कप तसाच ठेवून तो उठला.

बाहेर आला तर आई गाडीच्या डाव्या बाजूला पिशवी पोटाशी धरून उभी. प्रतिभा गोठ्याकडून रिकामी पाटी घेऊन येत होती. योगेश खाली बसला, मागच्या डाव्या चाकाला मीटर लावलं आणि ताडकन उठला.

"सापडलीस!"

प्रतिभा जागीच थांबली. "काय झालं, दादा?"

"काय झालं म्हणते! आत्ता मापून गेलो मी. आत्ता! एवढ्यात हवा गेली कुठं? लाज नाही वाटत? म्हातारी बसते या गाडीत. हायवेला टायर फुटलं असतं म्हणजे?"

कांद्याच्या चाळीत काम करणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. दीपक तिकडून धावत आला.

"ए दादा! तोंड सांभाळून बोल. कोणाशी बोलून राहिला तू?"

"तुझ्या बायकोशी! आणि तुझ्याशी पण. आईला मी नेतो ते पोटात दुखतं तुमच्या."

"माझ्या पोटात? आईला काट्यावर उभी करून फोटो कोण टाकतं? बाजारात लोकं विचारतात मला, काय रे, म्हातारीला उपाशी मारतो का म्हणून. लय झालं तुझं!"

कितीतरी दिवसांनी दोघं भाऊ आईला मध्ये न घेता थेट बोलत होते, आणि ते असं.

"मग खा शपथ," योगेश ओरडला. "आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगा दोघं, चाकाला हात लावला नाही म्हणून. बघू हिंमत आहे का!"

अशी शपथ म्हणजे गंमत नव्हे. खोटी खाल्ली तर जिच्या डोक्यावर हात, तिच्या जिवावर बेतते, असं या घरात सगळेच मानत आले होते. चाळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. प्रतिभानं पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसला आणि सरळ येऊन सासूच्या डोक्यावर ठेवला.

"आत्याबाईंची शपथ. मी हात लावलेला नाय."

दीपकनंही ठेवला. "आईची शपथ. मी पण नाय."

योगेशला वाटलं होतं ते कचरतील. कोणीच कचरलं नाही, आणि सगळं रान आपल्याकडंच बघतंय हे त्याच्या लक्षात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. जे मनात आलं ते तोंडातून निघून गेलं.

"शपथ खायला काय जातं यांचं! आई मेली तरी यांना कुठं फरक पडणार आहे!"

गाय तेवढी खुंट्याला अंग घासत होती. मग धोंडाबाई म्हणाली, "मी काढली हवा."

"आई, तू यांना वाचवायला खोटं बोलू नकोस."

"खोटं कशाला बोलू? मीच काढते, दर खेपेला." तिनं अंबाड्यातला आकडा काढून दाखवला आणि परत खोचला. "याच्या टोकानं. तुझ्या बापाच्या टायरच्या बैलगाडीला हवा कोण भरायचं? मीच ना? भरता येती तिला काढता पण येती. तूच म्हनला होता, दिवा लागला का गाडी हलवायची नाय म्हनून. तव्हा एक दिवस राहायला भेटलं मला. मंग म्हटलं, परत लागू दे. पण नंतर तू थांबलाच नाय. हवा भरून पळतच राहिला."

"पण का?" योगेशचा आवाज फाटला. "काय कमी करतो मी तुला तिथं? वेगळी खोली दिली, डॉक्टर दारात आहे. तुझ्यासाठी किती—"

"शपथ लय आवडती ना तुला," म्हातारी म्हणाली. "यांनी खाल्ली, आता तू खा. ठेव हात."

"आई, इथं सगळ्यांसमोर कशाला उगाच..."

"सगळ्यांसमोरच तर मागत होता तू. ठेव. आन् खरं सांग, मला कशाला नेतो?"

योगेशनं हात ठेवला. आईचं डोकं तळहाताखाली इतकं लहान लागलं की त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. सांगायला खूप होतं. लहानपणी तापात ती रात्र रात्र उशाशी बसायची ते होतं, तिच्या हातचा ठेचा होता, फ्लॅटमध्ये ती असली की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं तेही होतं.

"आई, मी तुला नेतो, कारण हा दीपक—"

आणि तो थांबला. दीपकनं मान खाली घातली.

धोंडाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं त्याचा हात मनगटाला धरून आपल्या डोक्यावरून खाली घेतला, पोटाशी धरलेली पिशवी प्रतिभाच्या हातात दिली आणि ती घरात गेली.