मला वेळेवर कुणी तोडले नाही

मी एक जुना दरवाजा आहे. तीन मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिना चढून आले की डाव्या हाताला मी उभा आहे. बाहेरून मी अजून धडधाकट दिसतो. आतल्या बाजूला मात्र जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत नुसते ओरखडे आहेत. मित्रांनो, ते कसे पडले हे तुम्हाला सांगायचे आहे. सांगण्याचा हुरूप नाही, पण न सांगता राहवतही नाही.

मला घडवणारा सुतार मोठा चोखंदळ होता. रंधा मारून झाला की तो डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि बोटाला जरा कुसळ लागले की पुन्हा रंधा हातात घ्यायचा. मला चौकटीत बसवल्यावर तो घरमालकांना म्हणाला, "लाथा मारल्या तरी हलायचा नाही हा. निर्धास्त झोपा." ती शाबासकी ऐकून मी फुगून गेलो. पुढे तिचेच मला ओझे होणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

घरमालक घड्याळे दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी माझी कडी धरूनच उभे राहायला शिकली. तिला सगळी इमारत ताई म्हणायची, आणि तिच्या बाबांना बाबा. नजर मंदावल्यावर बाबांनी दुकान बंद केले. शेवटच्या दिवशी ते घरी आले तेव्हा एका हातात हत्यारांची पेटी होती आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचे एक तपकिरी पिल्लू.

"दुकानातून एवढंच आणलंत?" ताईने विचारले.

"बाकी सगळं बंद पडलेलं होतं गं," बाबा म्हणाले. "हे एकच चालू होतं."

पिल्लू सारखे पायात पायात करायचे, म्हणून त्याचे नाव पडले लुडबुड. बाबा घरीच असत, त्यामुळे लुडबुड कधी एकटा राहिलाच नाही. त्याची आवडती जागा माझ्या पायथ्याशी होती. माझ्या खालच्या बोटभर फटीला नाक लावून तो तासन् तास पडून राही. जिन्यावरचे सगळे जग त्या फटीतून त्याच्याकडे येई. ताई कामावरून परतताना खालच्या मजल्यावर असली तरी त्याला वास लागे आणि त्याची शेपटी माझ्यावर धपधप आपटू लागे. दरवाज्याच्या नशिबी धक्के पुष्कळ असतात, पण इतके लाडके धक्के मला दुसऱ्या कुणी दिले नाहीत.

अशी सात वर्षे गेली. मग एका थंडीत बाबा चहा पिता पिता खुर्चीतच गेले.

ताई औषधांच्या कारखान्यात डबे सीलबंद करायच्या कामावर होती. किती दिवस रजा घेणार? आठवड्याने ती सकाळी आठला निघाली. मी लागलो, किल्ली फिरली. लुडबुड फटीला नाक लावून बसला. अर्धा तास तो नुसता बसला. मग कण्हू लागला. मग त्याने मला नखे लावली. आणि मग त्याने जो गळा काढला, तो संध्याकाळी सातपर्यंत. त्याला वाटले असेल, बाबा गेले तशीच ही पण गेली.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळी करत. चौथ्या दिवशी ते लाल डोळ्यांनी वर आले.

"ताई, तुमचं कुत्रं दिवसभर रडतंय. मी झोपायचं कधी हो?"

"अहो, मी असते तेव्हा हूं की चूं नसतं त्याचं."

"तुम्ही असता तेव्हा कशाला रडेल तो?"

आत येऊन ताईने ओरखडे पाहिले आणि लुडबुडवर हात उगारला. तो पोट जमिनीला टेकून सरपटत जवळ आला, तसा तिचा हात हवेतच राहिला. मग दोघेही माझ्याशी टेकून बसले.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांनी जन्मभर कुत्री पाळली होती. त्या येऊन म्हणाल्या, "अगं, हा खोडकरपणा नाही, घाबरलाय तो. त्याला एकटं राहायला शिकवावं लागतं. आधी नुसती जिन्यात जा, दोन मिनिटं थांब आणि परत ये. मग पाच मिनिटं, मग दहा. जाताना फार लाड नकोत, आल्यावर ओरडा नको. कामावर निघायच्या आधी चांगला दमवून आण त्याला. पाण्याचं भांडं जड घे, लवंडणार नाही असं. बाबांचा एखादा जुना सदरा दे अंथरुणात. आणि हे बघ, एक किल्ली माझ्याकडे ठेव. दुपारी डोकावत जाईन मी."

"बाकी सगळं करते बाई, पण किल्ली नको. तुमचे गुडघे दुखतात, तुम्हाला कशाला ताप?"

खरे सांगायचे तर तो गुडघ्यांचा प्रश्न नव्हता. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हे त्या घराचे वळण होते.

ताईने मनापासून सुरुवात केली. ती जिन्यात उभी राहून मिनिटे मोजायची. रविवारी पंधरा मिनिटे झाली आणि लुडबुड सदऱ्यावर डोके ठेवून गप्प पडून होता. ती आत आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, जमले! पण सोमवारपासून कारखान्यात जादा काम लागले. ती सातला निघू लागली, नवाला परतू लागली. फिरवणे सुटले, जिन्यातली मिनिटे सुटली. रडणे पुन्हा सुरू झाले.

मग इमारतीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. आवाज बंद करा, नाहीतर कुत्रा दुसरीकडे द्या. बाबांना ओळखणारा त्या घरात ताईशिवाय आता लुडबुडच उरला होता. तिने माणूस बोलावून माझ्या खालच्या फटीला जाड रबरी पट्टी ठोकून घेतली. खिडक्यांच्या काचा घट्ट लावल्या. पंखा चालू ठेवला. लुडबुडच्या गळ्यात हात घालून म्हणाली, "आता कुणाला ऐकू जाणार नाही हं, राजा. आता तुला कुणी नेणार नाही."

मित्रांनो, तिच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला जपायलाच तिने ते केले.

उन्हाळा लागला होता. वर गच्ची तापायची आणि खाली घराची भट्टी व्हायची. एके दिवशी अकराच्या सुमारास वीज गेली. पंखा थांबला. लुडबुडने येरझाऱ्या घातल्या, त्यात पाण्याचे भांडे लवंडले. जड भांडे आणायचे राहूनच गेले होते. त्याने फरशीवरचे पाणी चाटले, मग माझ्यापाशी आला आणि फट जिथे होती तिथे नाक खुपसू लागला. तिथे रबर होते. तो नखांनी रबर उकरू लागला. साडेबारापर्यंत त्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

समोर बाईंना तो पट्टीतूनही बारीक ऐकू येई; तो थांबला म्हणूनच त्या बाहेर आल्या. "लुडबुड? अरे बाळा?" त्यांनी मला ठोठावले. कान लावला तर आतून फक्त धाप ऐकू येत होती. त्यांनी ताईला फोन लावला, पण कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत. त्यांनी कुलूपवाल्याला बोलावले. तोवर सेक्रेटरीही वर आले.

"दुसऱ्याचा दरवाजा आहे हा," ते म्हणाले. "इतका चांगला, भक्कम. मालकीण आल्याशिवाय हात लावायचा नाही."

कुलूपवाल्याने हत्यारे खाली ठेवली. "माझ्यावर बालंट नको."

मी ओरडून सांगितले असते, फोडा मला, सरपण करा माझे! पण लाकडाला तोंड नसते. माझी काळजी घेत माणसे उभी राहिली आणि आत एक जीव माझ्याच अंगाला टेकून विझत होता.

रात्रपाळीचे गृहस्थ झोपेतून उठून आले. काय चालले आहे हे कळताच ते कुणाचे न ऐकता मला लाथा घालू लागले. सात लाथा घातल्या. सुताराचा शब्द खरा ठरला. मी हललो नाही.

जेवणाच्या सुट्टीत फोन पाहून ताई धावत आली, तेव्हा पावणेतीन वाजले होते. तिने किल्ली फिरवली, पण मी अडलो, कारण मागे तो पडला होता. तिला मला हळूहळू ढकलावे लागले. रात्रपाळीवाल्यांनी त्याला उचलून जिन्यावरून धावत खाली नेले. जनावरांच्या डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

संध्याकाळी ताईने ती पट्टी नखांनी ओरबाडून काढली. बोटे रक्ताळली तरी थांबली नाही. आता ती सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि कुणाशी बोलत नाही. बाई दार उघडून बघतात आणि पुन्हा लावून घेतात.

मित्रांनो, कुत्र्याला घड्याळ कळत नाही. तुम्ही संध्याकाळी येणार हे त्याला कुणी शिकवलेले नसते, ते थोडे थोडे करून तुम्हालाच शिकवावे लागते. त्याला हवा ठेवा, पाणी ठेवा, कुणाचा तरी दुपारचा पायरव ठेवा. आणि मदत मागायला लाजू नका. आपल्या लाजेपायी गेलेला जीव परत येत नाही.

पहिल्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले आहे. नवराबायको दोघेही नोकरीवाले, आणि एक पांढरे कुत्रे. आज सकाळी नवाला त्यांचा दरवाजा लागला. साडेनवापासून ते रडते आहे. रात्रपाळीवाले घर बदलून गेले, बाईंना आताशा कमी ऐकू येते, आणि ताई कामावर आहे. आत्ता दुपार झाली. ते अजून रडतेच आहे. मला इथून हलता येत नाही. कुणीतरी जाऊन बघा रे.