पांढरं सीरम

मित्रांनो, दीडेक महिन्यापूर्वी एका सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी भाजीवाल्या माणिकबाईंच्या रक्ताची नळी माझ्यात ठेवली गेली. मी एक जुना सेंट्रीफ्यूज आहे. नळी गरागरा फिरवून मी तांबड्या पेशी तळाशी बसवतो. वर उरतं ते पिवळसर, नितळ सीरम.

अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो. अमरावतीच्या मोठ्या लॅबमध्ये अकरा वर्षं रोज दोनशे नळ्या फिरवल्या. नवं यंत्र आलं आणि मी वर्षभर फडताळावर धूळ खात पडलो. मग रूपालीताईंनी मला हिवरखेडला, आपल्या छोट्या लॅबमध्ये आणलं.

दहा मिनिटांनी त्यांनी झाकण उघडलं. सीरम दुधासारखं पांढरं होतं.

“काकू, सकाळी काय खाऊन आल्या?”

“काईच नाई. रातच्या भाकरीवर हावो.”

“मंग हे असं काहून दिसते? भजे खाल्ले असन.”

“मी कायले खोटं बोलू वं? तुयी मशीनच म्हतारी झाली.”

ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई पुन्हा उपाशीपोटी आल्या. माझा तोल राहावा म्हणून समोरासमोर सारख्या वजनाच्या दोन नळ्या लागतात. एरवी दुसरीत पाणी असतं. त्या दिवशी रूपालीताईंनी स्वतःचं रक्त ठेवलं. त्यांचं सीरम नितळ निघालं, माणिकबाईंचं पांढरंच.

“मशीन खरी हाय, काकू. अन् तुमी बी खऱ्या.”

इतका मान मला अमरावतीतही मिळाला नव्हता.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त साखर होती. बोट टोचून थेंब तपासला असता, तर हा चरबीचा पांढरेपणा कुणालाच दिसला नसता. रूपालीताईंनी डॉक्टरांना फोन करून चरबीही मोजली. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत हवं. निघालं अकराशे चाळीस. साखर तीनशे दहा.

“डायबिटीसच्या गोया घेता ना?”

“दिवाईपासून साखर सोडली ना मी. चहा बी फिक्का. मंग गोया कायले?”

साखर हाताबाहेर गेली की रक्तातली चरबीही चढते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या चरबीनं स्वादुपिंड सुजून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी त्यांना त्याच दुपारी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी गोड सोडलं म्हणून गोळ्याही सोडल्या असतील, तर आजच डॉक्टरांना विचारा. आणि जुन्या यंत्राला दोष देण्याआधी दुसरी नळी फिरवून पाहा.

माणिकबाईंच्या गोळ्या सहा आठवडे सुरू आहेत, भाजीवरचं कच्चं तेल बंद आहे. आज सकाळी त्यांची नळी मी पुन्हा फिरवली. सीरम धुरकट आहे, पण नळीपलीकडची रूपालीताईंची बोटं दिसतात. चरबीचा आकडा अजून यायचा आहे.